सोन्याचा गळा, मुका पडदा

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘सारा बर्नहार्ट आणि चित्रपट’. तिकडे येतोच. पण या फ्रेंच नटीबाईंचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: “त्या शवपेटीत झोपायच्या ना?” अहो, पेटी होती, तीत पडून फोटोही काढून घेतला होता. साठ वर्षांचं काम एका पेटीत बंद करायचं का?

जन्म १८४४चा, पॅरिसचा. म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याच्या पुढच्या वर्षीचा. आपल्याकडे पुरुष सीता होत होते. हिनं १८९९ साली, चौपन्नाव्या वर्षी, हॅम्लेट केला. फिट्टंफाट!

आता ती थप्पड. हसू नका, महत्त्वाची आहे. १८६३चा जानेवारी. कॉमेदी-फ्रान्सेज, म्हणजे पॅरिसचं मानाचं सरकारी नाटकघर. तिथे नाटककार मोलिएरची जयंती. नटमंडळी जोडीजोडीनं त्याच्या पुतळ्याला मुजरा करायला निघालेली. साराला तिथे येऊन जेमतेम काही महिने झालेले आणि सोबत धाकटी बहीण. त्या पोरीचा पाय पडला मादाम नाताली यांच्या झग्याच्या घोळावर. नाताली म्हणजे ज्येष्ठ, मानकरी. त्यांनी पोरीला असं ढकललं की ती खांबावर आपटली, तोंडातून रक्त आलं. सारानं बाईंच्या कानाखाली वाजवली! माफी माग म्हणाले, नाही मागितली. नोकरी गेली. (आमच्या हौशी मंडळात ज्येष्ठांच्या खुर्चीवर बसलो म्हणून मी एक सबंध मोसम पडदा ओढलाय. थप्पड मात्र सुचली नाही.) नऊ वर्षांनी त्याच नाटकघरानं तिला परत बोलावलं. १८८०मध्ये तिनं स्वतःच ते सोडलं आणि अमेरिका गाठली.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. बरं.

तर मुद्दा. लोक तिच्या आवाजाला ‘सोन्याचा आवाज’ म्हणत. आणि सिनेमा मुका! १९००च्या पॅरिस प्रदर्शनात हॅम्लेटच्या द्वंद्वाची छोटी फिल्म दाखवली. १९१२ची ‘राणी एलिझाबेथ’ चित्रपट-व्यावसायिक ॲडॉल्फ झुकोर यांनी अमेरिकेत आणली, त्यावर पुढे त्यांचा धंदा उभा राहिला. त्यात राणी उशांच्या ढिगाऱ्यावर धाडकन पालथी पडून मरते. आजची मुलं खो खो हसतात. अहो, तो अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा होता. कॅमेरा चार हातांवर! गळा काढून घेतला आणि नुसते हातवारे ठेवले, तर आपले बालगंधर्व तरी काय उरतील? तरी आपण तिला तोलतो ते त्याच फिल्मवर.

१९१५मध्ये उजवा पाय कापला. खुर्चीत बसवून उचलून नेत, तशी ती आघाडीवरच्या सैनिकांसमोर उभी... बसली म्हणतो. १९२३मध्ये शेवटचा चित्रपट तिच्या घरातच चालला होता, तो पुरा व्हायच्या आत गेली.

रासीनच्या ‘फेद्र’ या नाटकातला तिचा एक उतारा ध्वनिमुद्रित झालाय. फोनमध्ये आणलाय. माइक जरा इकडे द्या. खरखर बरीच आहे, ती सोडा.