बाई पाड्यावर का गेल्या?

(दृश्य : डहाणूहून कोसबाडकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या.)

डहाणू सोडून कोसबाडच्या रस्त्याला लागलं की आधी चिकूच्या वाड्या लागतात. खारा वारा थोडा वेळ सोबत येतो. मग चढ सुरू होतो आणि वारल्यांचे पाडे दिसायला लागतात. कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, अंगणात बांधलेली शेरडं. अधूनमधून सिमेंटचं नवं घर. आज इथे डांबरी सडक आहे, मोबाइलला रेंज येते आणि सकाळी पाठीवर दप्तर घेतलेली पोरं रस्त्याच्या कडेनं रांगेत चालताना दिसतात.

१९४५ साली इथलं चित्र वेगळं होतं. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं, जंगलाच्या ठेकेदारासाठी फुकट राबायचं. लग्नाला सावकाराकडून पैसे घेतले, तर ते फिटेपर्यंत नवरा आणि बायको दोघांनी त्याच्या दारात राबायचं. अशा माणसांना लग्नगडी म्हणत. त्याच वर्षी किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीनं वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. ते बंड महाराष्ट्राला ठाऊक आहे.

त्याच वर्षी याच भागात, समुद्रकाठच्या बोर्डी गावात, दोन बायका राहायला आल्या. त्यांना इथल्या लहान मुलांसाठी बालवाडी काढायची होती. एक त्रेपन्न वर्षांची, दुसरी पस्तिशीची. तारा मोडक आणि अनुताई वाघ.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. मुलांच्या घोळक्यात बसलेल्या दोघी.)

या कामाची गोष्ट सांगताना लोक पहिल्याच वाक्यात ‘त्याग’ म्हणून मोकळे होतात. आम्ही तो शब्द बाजूला ठेवला आहे. त्याग म्हटलं की हार घालायचा, नमस्कार करायचा आणि आपल्या वाटेनं जायचं, एवढंच उरतं. ही माणसं तिथे का गेली, हा साधा प्रश्न मग विचारलाच जात नाही. आम्हाला तो विचारायचा आहे.

ताराबाईंपासून सुरुवात करू. प्रार्थना समाजी घरातली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर बाई. अमरावतीच्या वकिलाशी लग्न झालं, ते टिकलं नाही. हाताशी लहान मुलगी. राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. मानाची, भरल्या पगाराची नोकरी होती. ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, कारण लहान मूल शिकतं कसं, हे त्यांना तिथे पाहायला मिळणार होतं. पुढे मुंबईला दादरचं शिशुविहार. ताराबाईंचं नाव झालं.

आणि नाव झाल्यावर एक आक्षेप त्यांच्या मागे लागला. हे तुमचं बालशिक्षण छान आहे, पण ते शहरातल्या खात्यापित्या घरांचं. लाकडी ठोकळे, रंगीत मणी, गुळगुळीत पेट्या. गरिबाच्या पोराला हे कुठून आणणार? आक्षेप खरा होता. दुसरं कुणी असतं, तर परिषदेत उत्तर देऊन मोकळं झालं असतं. ताराबाईंनी उत्तर शोधायला बोर्डी गाठली. आमच्या मते त्यांची प्रेरणा हीच होती. आपण जे खरं मानतो, ते सगळ्यात गरीब मुलाच्या बाबतीत खरं ठरत नसेल, तर ते खरं नाही, असा त्यांचा हट्ट होता. या बाईंना दयेपेक्षा हा हट्टच पुढे नेत होता.

अनुताईंचं तसं नव्हतं.

(दृश्य : पुण्यातल्या जुन्या शाळेचा जिना. रिकामा वर्ग.)

अनुताईंचं लग्न झालं तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. सहा महिन्यांत नवरा गेला. त्या काळी अशा मुलीच्या पुढ्यात काय वाढून ठेवलेलं असे, ते आपल्या घरांतल्या जुन्या बायकांनी सांगितलेलं असतं. घराचा एक कोपरा, चुलीपुढची जागा, आल्यागेल्याचं करणं आणि शुभकार्य असलं की आत बसणं. अनुताईंच्या वाट्याला शाळा आली. पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण, नाशिक जिल्ह्यात नोकरी आणि मग पुण्याची हुजूरपागा. तिथे दिवसा मुलींना शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतः रात्रशाळेच्या बाकावर जाऊन बसायचं. १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.

हा तपशील आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. दिवसभर फळ्यासमोर उभी असलेली बाई रात्री फळ्याकडे तोंड करून बसते. शिकायला मिळणं म्हणजे काय, हे तिला कुणी भाषणातून सांगायची गरज नव्हती. आपलं आयुष्य कोणत्या बाजूला जाणार होतं आणि कोणत्या बाजूला गेलं, यातला फरक एका पाटीनं केला, हे तिनं स्वतः जगून पाहिलेलं होतं.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा स्मारक निधीचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं. तिथे तिची गाठ ताराबाईंशी पडली. ताराबाईंना खेड्यात येऊन राहणारी सहकारी हवी होती. अनुताई तयार झाल्या.

(दृश्य : अंगणात बसलेली लहान मुलं. जमिनीवर शिंपले, चिंचोके, वाळकी पानं.)

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती काढली ती मुलं येईनात. वस्तीतल्या मुलांना गावातल्या इमारतीची पायरी चढायची सवय नव्हती, आणि कुणी ती चढू दिलीही नव्हती. पोर चार वर्षांचं झालं की त्याच्यामागे शेळी लागते किंवा त्याच्या कडेवर धाकटं भावंड येतं. आई पहाटेच मजुरीला गेलेली. त्याला शाळेत आणून सोडणार कोण?

मग बाईच वस्तीत गेल्या. कुणाच्या तरी अंगणात गोणपाट अंथरलं, तीच शाळा. अंगणवाडी हे नाव तिथलं. आज देशातल्या कुठल्याही खेड्यात गेलात तरी अंगणवाडी हा शब्द कानावर पडतो, कारण २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं तेच नाव घेतलं. पाटी देशभर लागली, पण ज्या बाईनं आधी अंगण झाडलं, तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

त्या अंगणात दिवस सुरू व्हायचा तो अक्षरांनी नव्हे. आधी मुलांची तोंडं धुवायची. नखं कापायची. केसांतल्या जटा सोडवायच्या, उवा काढायच्या. नाक पुसायचं. कुणाला खरूज असेल तर औषध लावायचं. हे सगळं न किळसता आणि घाई न करता करायचं, कारण परक्या माणसाचा हात मुलाच्या अंगाला पहिल्यांदा लागतो तो इथे. तो हात कसा लागला, हे मूल विसरत नाही. मग गाणं, मग गोष्ट. मोजायला समुद्रकाठचे शिंपले आणि चिंचोके. रंग ओळखायला पानं, फुलं, माती. लहानमोठं लावायला दगडगोटे. लाकडी पेट्यांच्या प्रश्नाचं उत्तर ताराबाईंना पायाखालीच सापडलं.

पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर आलं आणि इथे आणखी अवघड गाठ होती. वारल्यांची मोठी मुलं गुरांमागे रानात. त्यांना वर्गात आणायचं, तर घरची गुरं कोण राखणार? मग शाळा कुरणात गेली. गुरं चरताहेत, झाडाखाली फळा टेकवलेला आहे आणि एक डोळा गायीवर ठेवून पोरगा पाढे म्हणतोय. तिला कुरणशाळा म्हणत. धाकट्या भावंडांमुळे मुली घरी अडकायच्या, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताई वर्गात, मधला बालवाडीत, तान्हं झोळीत. त्या सगळ्याला विकासवाडी हे नाव मिळालं.

यातली एकही कल्पना परिषदेत सुचलेली नाही. प्रत्येक कल्पनेच्या मागे ‘हे पोर आज का आलं नाही’ हा प्रश्न आहे आणि तो विचारायला घरोघर गेलेली बाई आहे. आम्ही प्रेरणा शोधायला निघालो होतो. अनुताईंच्या बाबतीत ती इथे दिसते. आपणही एकदा असेच घरात अडकणार होतो, ही खूणगाठ मनात असलेल्या माणसाला गैरहजर मुलाबद्दल ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ असा शेरा मारून पट मिटवता येत नाही.

१९६१ मध्ये अनुताई बी.ए. झाल्या. वयाची पन्नाशी उलटलेली, दिवसाचं काम तसंच चालू. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तेव्हा संस्थेची सगळी जबाबदारी अनुताईंवर आली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या गेल्या. बोर्डीला आल्यापासून पुढचं सगळं आयुष्य त्यांनी याच भागात काढलं.

(दृश्य : विदर्भ. कापसाची शेतं. रस्त्याच्या कडेला शाळेची पाटी.)

सगळ्यांनाच बाहेरून यावं लागत नाही. अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. मतीन स्वतः फासेपारधी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सरकारी शिक्षकाची नोकरी मिळाली म्हणजे घरादारानं सुटकेचा श्वास सोडायचा, असा आपला रिवाज. ती नोकरी त्यांनी सोडली.

का सोडली, हे समजायला १८७१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी इंग्रज सरकारनं कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पारधी त्यांतच अडकले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, येणं काही थांबलं नाही. बेड्यावरची मुलं रेल्वे स्थानकांवर, सिग्नलवर भीक मागताना दिसत. मतीन वर्गात ज्यांना शिकवत होते, त्यांत ही मुलं जवळपास नव्हतीच. आपण सुटलो आणि आपल्या बेड्यावरची पोरं हात पसरून फिरताहेत, हे रोज पाहायचं आणि महिन्याच्या शेवटी पगार घ्यायचा, हे त्यांना जमलं नाही.

शाळेचं नाव आहे ‘प्रश्नचिन्ह’. पारधी म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न जन्माबरोबरच येतात, म्हणून हे नाव आम्हाला अगदी नेमकं वाटतं. समृद्धी महामार्ग शाळेच्या आवारातून गेला, तेव्हा लोकांच्या मदतीनं उभी राहिलेली काही बांधकामं पाडली गेली. शाळा चालूच राहिली.

अनुताईंना आणि मतीनना एका रांगेत बसवताना आम्ही थोडे थबकलो. एक लहानपणीच विधवा झालेली बाई, दुसरा पारधी बेड्यावरचा तरुण. दोघांच्या वाट्याला आलेला अन्याय सारखा नाही आणि तो सारखा आहे असं म्हणणं खोटं होईल. पण दोघांनाही शिक्षणानं अगदी काठावरून ओढून घेतलं. काठ पाहिलेला माणूस मागे वळून बघतो.

(दृश्य : पाड्यावरची आजची जिल्हा परिषद शाळा. व्हरांड्यात चपलांची ओळ.)

आणि ज्यांच्या मनात असं काहीच नसतं, त्यांचं काय?

आज पाड्यांवर, तांड्यांवर शिकवणारे बहुतेक गुरुजी आणि बाई तिथे नोकरी म्हणून येतात. बारावी झाली, डीएड केलं, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास झाले, भरतीची वाट बघण्यात उमेदीची वर्षं गेली. मग शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधन. २०२३ पर्यंत प्राथमिकला ते महिना ६,००० रुपये होतं, त्यानंतर १६,००० झालं. पहिली नेमणूक बऱ्याचदा अवघड क्षेत्रात. ‘अवघडमध्ये लागलोय’ असं ते एकमेकांना सांगतात, तेव्हा समोरच्याला सगळं कळतं. पावसाळ्यात ओढा आडवा येतो, गाडी अलीकडे लावावी लागते, भाड्याची खोली तालुक्याच्या गावात, घर तीनशे किलोमीटरवर.

यांना कमी लेखू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. पगारासाठी येणं ही लाजेची गोष्ट नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले इंजिनिअरिंग सोडून शिक्षकीकडे वळले, वडिलांनी सुचवलं म्हणून. नेमणूक झाली तेव्हा शाळेची अवस्था अशी की शेजारी गुरांचा गोठा. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकला. माणूस कशासाठी आला, यावरून तो पुढे काय करणार हे ठरत नाही.

ते ठरतं दिवाळीनंतर. पालघर जिल्ह्याच्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात भात कापून झालं की कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. भिवंडीकडे, वसईकडे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. टेम्पोत भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि त्यांच्यामध्ये बसलेली दुसरीतली, तिसरीतली मुलं. सोमवारी हजेरी घेताना वर्ग निम्मा असतो.

इथे प्रत्येक शिक्षकापुढे दोन वाटा असतात. हजेरीपत्रकात रेघ मारून उरलेल्यांना शिकवणं ही एक, आणि तिला कुणी फार नावंही ठेवत नाही. दुसरी वाट दमवणारी. मूल निघायच्या आधी त्याच्या घरी जायचं. आजी मागे राहणार असेल, तर पोराला तिच्याकडे ठेवण्यासाठी आईबापाची मनधरणी करायची. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवायचा. मूल जाणारच असेल, तर शिक्षण हमी कार्ड भरून त्याच्या हातात द्यायचं, भट्टी कुठली ते विचारून जवळच्या शाळेच्या गुरुजींना फोन करायचा आणि म्हणायचं, माझी चार पोरं तुमच्याकडे आलीत, बसवून घ्या.

‘माझी पोरं’ हे शब्द या भागातल्या शिक्षकांच्या बोलण्यात सहज येतात. ते कधीपासून येतात, हे त्यांनाही सांगता येत नाही. पहिल्या वर्षी नक्की नसतात.

अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की बदलीचा अधिकार मिळतो. बरेच जण ती घेतात, आणि त्यांनी ती घ्यावीच. घरी म्हातारे आईवडील असतात, स्वतःची मुलं वाढत असतात. काही जण मात्र अर्जाची मुदत संपेपर्यंत अर्ज उघडत नाहीत. विचारलं तर कारणं अगदी साधी निघतात. पाचवीतली अमकी नवोदयच्या परीक्षेला बसायची आहे. पहिलीतला एक जण आत्ता कुठे बोलायला लागलाय, नवीन माणूस आला की पुन्हा गप्प होईल. भट्टीवरून परतणाऱ्या मुलांचं जूनमध्ये पुन्हा नाव लावायचं आहे, ते दुसरं कोण बघणार?

अनुताईंच्या काळात टीईटी नव्हती, बदलीचा अर्ज नव्हता. ‘हे पोर आज का आलं नाही’ हा प्रश्न मात्र होता, आणि पोराच्या घरी जाऊन तो विचारणारी बाई होती.