हळू बोल गे, बाय

(पहाट. स्वयंपाकघरात एकच दिवा. परातीत न तळलेल्या नेवऱ्या, बाजूला भिंतीला टेकवलेला टॅब.)

चवथीचा आदला दिवस. आई चारला उठली, बाय साडेचारला. आईला नेवऱ्या तळायच्या आहेत. बायला कपाट उघडायचं आहे.

कपाट आजोबांच्या वेळचं, गोदरेजचं, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेलं. बाय त्याच्यापुढे ताठ उभी राहते. डावा हात भिंतीतल्या खुंटीवर. मान वाकवून आरशात बघते आणि पुटपुटते, "आग नाही, पाणी नाही, अडथळा नाही." मग मूठ वर करून दार उघडते, तिथे नसलेला एक लाल दांडा ओढते, आणि तेवढ्यात चुलीपाशी आई ओरडते, "हळू गे! बिजागरी मोडशील."

बाय हैदराबादला एका विमान कंपनीत हवाई सुंदरीचं प्रशिक्षण घेतेय. हे दार एअरबस ए-३२० विमानाचं आहे, असं धरून चालायचं. आरसा म्हणजे दारावरची लहानशी खिडकी. लाल दांडा म्हणजे प्रवाशांनी उतरायची घसरगुंडी आपोआप फुगली नाही तर हाताने फुगवायची सोय. आणि खुंटी म्हणजे दाराशी धरून उभं राहायची मूठ, सगळ्यांत महत्त्वाची. ती सुटली की मागून येणारा प्रवाशांचा लोंढा तुम्हालाच पहिलं खाली ढकलतो आणि दाराशी कोणी उरत नाही. गेल्या आठवड्यात सरावात बायच्या हातून ती सुटली होती. म्हणून चवथीच्या रजेतसुद्धा हे चाललंय. रजा संपली की हैदराबादला परत, आणि त्याच आठवड्यात शेवटच्या परीक्षा.

मी तिचा चुलतभाऊ. कॅमेरा माझा, घर सगळ्यांचं. तिला गोव्यातल्या आमच्या पेडण्यात सगळे बाय म्हणतात, म्हणून इथेही बायच.

(मागचं दार. लांबवर सडा, त्यावर धुकं आणि दिव्यांची ओळ.)

हा मोपचा सडा. लहानपणी आम्ही इथे गुरांमागे हिंडायचो, मे महिन्यात काजू वेचायचो. आता तिथे धावपट्टी आहे. ११ डिसेंबर २०२२ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं, आणि ५ जानेवारी २०२३ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेही हैदराबादहून. कोणाची जमीन गेली, कोणाला काय मिळालं, ही वेगळी कथा आहे. ती सांगायला बसलो तर चवथ संपेल.

त्या सकाळी बाय गच्चीवर उभी होती, एवढं मला आठवतं. चहा गार झाला तरी खाली आली नव्हती.

विमानतळ दोन झाले आणि गोव्याला कोडही दोन झाले. दाबोळीचा जीओआय, मोपचा जीओएक्स. तिकिटावर फक्त 'गोवा' वाचून दाबोळीला जाऊन उभे राहणारे पाहुणे आमच्याही घरात होऊन गेलेत. बायला असे तीन अक्षरी कोड ढिगाने पाठ करावे लागले. न्हाणीघराच्या दारावर, फ्रिजवर, देवघराच्या चौकटीवर चिठ्ठ्या. आजी देवासमोर हात जोडून "बीओएम मुंबई, डीईएल दिल्ली" म्हणते तेव्हा देवाला काय वाटत असेल, देव जाणे.

हे कोड म्हणजे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवसांतलं काम, सोपं. त्याआधीचा एक खर्च मात्र सांगायला हवा. बारावीनंतर बायने म्हापशात एका क्लासात नाव घातलं. फीसाठी आईची पाटली गेली. सहा महिने तिथे अंबाडा कसा घालायचा, लिपस्टिक कोणती, कसं चालायचं, कसं हसायचं. नोकरीची हमी तोंडी होती, ती तोंडीच राहिली. मुलाखतींना ती आपली आपणच गेली. दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा घेतली. मग कळलं की निवड झाल्यावर विमान कंपनी सगळं पहिल्यापासून स्वतःच शिकवते. क्लासात शिकवलेल्या हसण्याला तिथे कोणी विचारलंसुद्धा नाही. आई अजून मनगटाकडे बघते कधी कधी.

(टॅबवरचं पान. बायचं बोट ओळीवरून सरकतंय.)

तिथे विचारतात ते हे. बाहेरून आग दिसली तर कोणतं दार? धूर भरला तर तोंडावरचा तो हुड किती सेकंदांत चढवायचा? सामानाच्या कप्प्यात कोणाच्या पॉवर बँकेने पेट घेतला तर? तिथे हॅलॉन वायूने ज्वाळा विझतात, पण आतली बॅटरी तापतच राहते, म्हणून वर पाणी ओतत राहायचं. बर्फ मात्र ठेवायचा नाही, त्याने उष्णता आतच कोंडते. मास्क खाली पडले तर पहिला स्वतःला. पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब गेला, तर माणूस भानावर राहून काही करू शकतो तो वेळ जेमतेम अर्धा ते एक मिनिट.

ट्रे, कॉफी, 'चिकन की पनीर' हेही शिकवतात. पण पोर नापास होते ती यात नाही.

विमानाला परवाना मिळण्याआधी कारखान्याला एक गोष्ट सिद्ध करून दाखवावी लागते. भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे. तेही अंधारात, अर्धीच दारं वापरून, वाटेत बॅगा नि उशा टाकून. आपल्याकडे नियम आहे पन्नास आसनांमागे एक कर्मचारी. १८६ आसनांच्या विमानात म्हणजे चार जण. सेकंदाला दोन माणसं बाहेर, आणि त्या दोघांतला एक तरी वरच्या कप्प्यातली बॅग काढायला वळणारच. आपल्या लोकांना कदंबा बसमधून उतरतानाही पिशवी आधी दिसते.

त्या माणसाला थांबवायला हातात काय असतं? आवाज. आणि बायचं घोडं नेमकं तिथे अडलं.

नकली केबिनमध्ये पहिला सराव झाला. दिवे गेले, धूर सोडला. बाय ओरडली, सीटबेल्ट सोडा, सगळं टाकून या, इकडे या, उडी मारा. शिकवणाऱ्या बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, "तू आता 'प्लीज' म्हणालीस?"

म्हणाली होती.

वीस वर्षं घरातल्या प्रत्येकाने तिला एकच सांगितलं, हळू बोल गे बाय. मीही सांगितलं असेल. पाहुणे आलेत, हळू बोल. बाबा झोपलेत, हळू बोल. पोरीच्या जातीला शोभत नाही, हळू बोल. आणि आता कोणीतरी पगार देऊन सांगतंय की ओरड.

(अंगण. माटोळी बांधणं चाललंय. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंजन.)

दुपारी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला शेजारचे काका आले. बाय चौकटीखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "टर्ब्युलन्स आला तर पहिला चिबूड पडणार." काका हसले नाहीत. त्यांना माटोळीवर विनोद चालत नाही.

काकांनी तीस वर्षं दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, केली. जत्रेची रात्र, देवळासमोरचा मंडप, मागे बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचला पाहिजे. संहिता हातात नसते, कथा ठरलेली आणि बोलणं रंगमंचावरच सुचेल तसं. तेव्हा माईक नव्हते, असले तरी खरखरायचे. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने आजही हाक मारली तर वाडीतली कुत्री उठून बसतात.

बायने त्यांना आपली अडचण सांगितली. काकांनी तोरिंजन खाली ठेवलं.

"ओरड बघू."

ती ओरडली. आईने आतून डोकं बाहेर काढलं.

"घशातनं ओरडतेस. पहाटेपर्यंत तुझा कोंबडा होणार," काका म्हणाले. "बेंबीकडे हात ठेव. इथनं श्वास. शब्द लहान आणि शेवटचं अक्षर गिळायचं नाही. आणि राजा कधी विनंती करत नाही."

त्यांनी एकदा करून दाखवलं. वाक्य इंग्रजी होतं, बायने कागदावर देवनागरीत लिहून दिलं होतं. 'लीव्ह एव्हरीथिंग!' पेडण्याच्या अंगणात, हातात सुतळी, कमरेला पंचा. मला वाटतं, त्या क्षणी विमानात असतो तर मी बॅग नक्की टाकली असती.

मग बायने त्यांना हानेडाची गोष्ट सांगितली. २ जानेवारी २०२४. टोकियोच्या त्या विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळलं आणि पेटलं. लहान विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. ती सगळी बाहेर आली. आठ दारांपैकी तीनच वापरता आली. आतली घोषणेची यंत्रणा बंद पडली होती, म्हणून कर्मचाऱ्यांनी हातातले भोंगे आणि आपले गळे वापरले. मागच्या दारापाशी वैमानिकाचा निरोप पोचेना, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वतः ठरवून दार उघडलं.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे माईक बंद पडला." त्यांना तेवढंच लागलं.

(संध्याकाळ. केरीचा किनारा. लाटा मोठ्या, वारा कॅमेऱ्यात घुसतोय.)

केरीला आम्ही आवाजासाठी गेलो. पावसाळी समुद्रापुढे ओरडायचं, मी पन्नास पावलांवर उभा, ऐकू आलं की हात वर करायचा. पहिल्या वीस वेळा माझा हात खालीच. जाळं उकलत बसलेल्या एका माणसाने विचारलं, "भांडण झालं काय रे?"

पाण्यापाशी उभी असताना ती सहज म्हणाली की तिला पोहणं पहिल्यांदा कळलं ते पणजीत, कांपालच्या पोहण्याच्या तलावात. तेरेखोल नदी इतकी जवळ, पण आमच्यात मुलगे नदीत उड्या मारतात आणि मुली काठावर कपडे सांभाळतात. कोणी ठरवून केलेलं नाही, तसं चालत आलंय. प्रशिक्षणाची तारीख आली तेव्हा ती शनिवारी-रविवारी कदंबा धरून पणजीला जायची.

पाण्यातल्या परीक्षेत जॅकेट घालून उडी मारायची, बुडणाऱ्याला ओढायचं, तराफ्यावर चढायचं. जॅकेट फुगवायचं ते विमानाबाहेर पडताना, आत नाही. हे सूचनेत प्रत्येक वेळी सांगतात आणि कोणी ऐकत नाही. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियाचं एक विमान अपहरणानंतर इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडलं. १७५ जणांतले १२५ गेले. बऱ्याच जणांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी भरत गेलं, जॅकेटने त्यांना छताला नेऊन टेकवलं आणि खाली दाराकडे बुडी मारता येईना. बाय हे सांगताना दोन्ही तळवे वर नेऊन हवेत दाबून दाखवते. आता मी विमानात बसलो की ती सूचना ऐकतो.

(चवथ. गणपतीपुढे समया. घुमट या वाद्याचा आवाज लांबून जवळ येतो.)

आत्या आली ती प्रश्न घेऊनच. "लग्न झाल्यावर काय करणार? काढून टाकतात ना?"

आत्याला हसण्यात अर्थ नाही, एके काळी काढायचेच. एअर इंडियाच्या नियमात होतं की नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, नाहीतर पहिल्यांदा दिवस गेले तर, नाहीतर पस्तीस वर्षं पुरी झाली की हवाई सुंदरीने घरी जायचं. नर्गेश मिर्झा आणि इतर काही जणींचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ साली न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. चार वर्षांची लग्नाची अट मात्र तेव्हा तशीच ठेवली, हे मला अजून पटत नाही. बायने आत्याला हे सगळं सांगितलं, हळू आवाजात. आत्या म्हणाली, "मग ठीक," आणि नेवरी घेतली.

आरती सुरू झाली. घुमट, शामेळ, कासाळं, काकांचा गळा सगळ्यांच्या वर. बाय कोपऱ्यात तांदळाच्या पोत्यापाशी गुडघे टेकून बसली, पोतं म्हणजे हृदय थांबलेला माणूस. तळव्यावर तळवा, कोपरं ताठ. छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. टाळांचा ठेका तिला बरोबर सापडला होता. आजीने आरती म्हणता म्हणताच तिच्या पाठीत एक धपाटा घातला, कारण ते पोतं पंचमीच्या जेवणाचं होतं.

(मोपचं विमानतळ. काचेपलीकडे विमान.)

दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या दिवशी बाय निघाली. मी त्याच विमानाने गेलो, एक सीट मागे. धावपट्टीवर वेग आला तेव्हा शेजारचा माणूस मोबाइलवर होता. बाय सरळ बसलेली, पाय जमिनीला टेकलेले, तळवे वर करून हात मांड्यांखाली. ओठ हलत होते. याला ते मनातली उजळणी म्हणतात. कोणतं दार माझं, ते कसं उघडतं, बाहेर काय असू शकेल, कोणाला मदतीला घेईन, काय ओरडेन. उडताना आणि उतरताना, दर वेळी. ती अजून प्रवासीच होती, पण तिच्या पुढच्या ओळी मोजून झाल्या होत्या.

परीक्षा चार दिवस चालल्या. लेखी, तोंडी, आग, पाणी, दार. तिथे मी कॅमेरा नेऊ शकत नव्हतो, त्यामुळे दाखवण्यासारखं काही नाही. पास झाल्यावर खऱ्या विमानात नुसतं बघत हिंडायच्या काही फेऱ्या असतात, त्यानंतर नाव रोजच्या यादीत येतं. आणि दर वर्षी हीच दारं पुन्हा उघडून दाखवावी लागतात.

पाचव्या संध्याकाळी, मी घरी परतलो होतो तेव्हा, आईच्या फोनवर तिचा फोन आला. मी स्पीकर लावला.

पलीकडून नुसती खरखर. कोणीतरी कुजबुजत होतं.

"काय गे?" आई म्हणाली. "मोठ्याने बोल, ऐकू येत नाही!"

पुन्हा कुजबुज. 'पास' एवढा एक शब्द कळला. सगळ्या दारांचे मिळून इतके सराव झाले होते की आवाज पार बसला होता.

ओसरीवर माटोळीची सुतळी गुंडाळत बसलेले काका मान हलवत म्हणाले, "घशातनं ओरडली. सांगितलं होतं मी."