घरी होत नाही ते खायला बाहेर जावं

नमस्कार मंडळी. आज खाण्याच्या गप्पा मारूया, आणि त्याही मुंबईतल्या साध्या हॉटेलांच्या. साधी म्हणजे जिथे टेबल शेअर करावं लागतं, समोर कुणीतरी अनोळखी माणूस इडली-सांबार खात बसलेला असतो, ग्लास स्टीलचे असतात आणि वेटर एका दमात अख्खा मेनू म्हणून दाखवतो, ती हॉटेलं. मला कुणी ना कुणी सारखं विचारत असतं की अगं, चांगलं हॉटेल सांग ना एखादं. मी म्हणते, हॉटेल राहू दे, आधी खायचंय काय ते सांग. कारण माणूस परत जातो तो पदार्थासाठी जातो. आणि कुठल्या पदार्थासाठी परत जावं याचा माझा नियम एकच. जो घरी होत नाही तो. घरी करून बघितला, सामान तेच, प्रमाण तेच, तरी तसा झाला नाही, तर तो खायला बाहेर जावं. घरी होतो तो घरीच खावा.

म्हणून साबुदाणा वड्यासाठी मी रांगेत उभी राहत नाही. माझ्या मैत्रिणी यावरून भांडतात माझ्याशी, पण साबुदाणा वडा हा घरचा पदार्थ आहे, आणि उपासाच्या दिवशी घरात तो तळल्याचा वास आला नाही तर उपास झाल्यासारखं वाटतच नाही. बटाटेवड्याचं मात्र वेगळं. दादर स्टेशनजवळ मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० सालापासून आहे, तिथे वडा खाताना लक्षात येतं की मोठी कढई आणि घाण्यामागून घाणा निघत असला की तेलाचा ताव उतरत नाही. घरी आपण पाच-सहा वडे सोडले की तेल थंड पडतं आणि वडा तेल पितो. एवढाच फरक, पण खाताना कळतो.

आणि आता माझी आवडती गोष्ट. आमच्या घरात कुणीही पाहुणा आला की मी ही सांगतेच, त्यामुळे आज तुमची सुटका नाही.

माझी आत्या कुडाळची. हात असा की आजूबाजूच्या चार घरांत लग्नाचं जेवण असलं की हिला बोलावणं यायचं. आणि आंबोळी तर तिच्याकडची खावी. तांदूळ, उडीद, थोडी मेथी, रात्री वाटून ठेवलेलं पीठ, सकाळी बिडाचा तवा, वर झाकण, आणि झाकण काढलं की जाळी पडलेली मऊ आंबोळी, सोबत काळ्या वाटाण्याचं सांबार. तिचं ठाम मत होतं की हॉटेलात जाऊन पैसे देऊन तांदळाचं पीठ खाणं म्हणजे घरात बाई नसल्याचं लक्षण. मी कितीदा वाद घातला, बाईच कशाला, पुरुषांना हात नाहीत का, पण ते असो, तो विषय पुन्हा कधीतरी.

तर ती आली होती चुलतबहिणीच्या लग्नाच्या खरेदीला. दादरला साड्या घेऊन झाल्या, चार वाजले, पोटात कावळे ओरडत होते, आणि मी तिला ट्रेनमध्ये घालून एक स्टेशन पुढे माटुंग्याला नेलं. हे सेंट्रलवरचं माटुंगा बरं का, जिथे २०१७ पासून स्टेशनचा सगळा कारभार बायका बघतात, तिकिटापासून स्टेशन मास्तरपर्यंत. मला तिथे उतरलं की उगाच ताठ चालावंसं वाटतं. आत्यालाही मी ते सांगितलं तर ती म्हणाली, "मगे बरां चलता आसतला."

स्टेशनच्या आसपास सगळी उडुपी हॉटेलं. कॅफे मैसूर १९३६ चं, कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं, तिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं. मी नेलं त्या हॉटेलाचं नाव मात्र सांगणार नाही, कारण पुढे जे झालं ते बहुतेक कुठल्याच नियमात बसत नाही आणि मला त्या माणसांना अडचणीत आणायचं नाहीये.

आत्या बसली. म्हणाली, माका काय नको, च्या सांग. मी साधा डोसा मागवला माझ्यासाठी. आला. तुम्हाला माहितीये कसा येतो तो, ताटलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, खाली तांबूस, कडेला कागदासारखा आणि मधे मात्र किंचित लुसलुशीत. आत्याने बघितलं आणि म्हणाली, "ह्यां काय नवीन? आमची आंबोळी ती हीच." मी म्हटलं खाऊन बघ. तिने कडेचा तुकडा मोडला. कुर्रर्र. खाल्ला. मग मधला तुकडा तोडला. मग चटणीला न लावता नुसता एक तोडला, आणि हे माझ्या लक्षात आलं, कारण नुसता खाऊन बघणं म्हणजे ती परीक्षा घेतेय. पीठ तेच आहे, म्हणाली. मेथी आहे, तांदूळ उकडा आहे, आंबलंय नीट. मगे ह्यां असां कसां होता? आणि उठली की हो सरळ, साड्यांच्या पिशव्या माझ्याकडे टाकून, आणि गेली आत.

चारची वेळ म्हणजे हॉटेलात जरा निवांत असतं. तव्यावर जो माणूस होता तो कुंदापूरकडचा, मराठी बेताची, हिंदी मुंबईची. आत्याची हिंदी त्याहून बेताची. मी मागोमाग धावले तर ही तव्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी. तवा कसला, टेबलाएवढी लोखंडी लादी. त्या माणसाने त्यावर पाणी शिंपडलं, चर्रर्र झालं, आणि केरसुणीने खसाखसा झाडून काढलं. आत्या किंचाळली, "केरसुणी गो ती!" तो माणूस दचकला. मग समजलं त्याला, हसला, आणि केरसुणी वर धरून म्हणाला, "अज्जी, ये सिर्फ तवा का है. जमीन का अलग." ती तिने हातात घेऊन उलटसुलट बघितली, वास घेतला, मान डोलावली. मग विचारलं, पाणी कित्याक? इथे मी दुभाष्या. त्याने सांगितलं ते मी तिला सांगितलं आणि तुम्हालाही सांगते, नीट ऐका कारण डोशाचं सगळं मर्म इथे आहे. तवा जास्त तापला की पीठ पडल्या पडल्या धरतं, वाटीबरोबर ओढलं जातं, गोळा होतो, पसरत नाही. म्हणून वरचा ताव पाण्याने क्षणभर उतरवायचा, पीठ पसरून घ्यायचं, आणि लादी जाड असल्यामुळे आतली धग लगेच परत वर येते आणि डोसा खालून भाजतो. वरून थंड केलेला, आतून तापलेला तवा. आपल्या घरचा तवा पातळ, त्याला पाणी मारलं की तो पुरता थंड होतो आणि मग बसा वाट बघत.

आत्याने हे सगळं ऐकून घेतलं. आणि मग त्या माणसाने, देव त्याचं भलं करो, पिठाची वाटी तिच्यापुढे धरली. "अज्जी, आप करेगा?"

तिने पदर खोचला. वाटी घेतली. आणि डोसा नाही केला हां तिने, आंबोळीच घातली. मधोमध पीठ ओतलं, वाटीने दोन वेढे दिले, जाड ठेवली, आणि हात पुढे करून म्हणाली, "झाकण?" त्याला कळेना. "झाकण, झाकण खंय आसा?" आता डोशाच्या तव्यावर झाकण असतं कधी? तिथे कुणी कधी झाकण मागितलंच नव्हतं. तो आत ओरडला, आतून भांडीवाला मुलगा आला, वेटर आला, गल्ल्यावरचे अण्णासुद्धा उठून आले काय गोंधळ आहे बघायला, आणि सगळे मिळून झाकण शोधायला लागले. एकाने सांबाराच्या पातेल्याचं आणलं ते एवढं मोठं की निम्म्या तव्यावर बसेल. एकाने ताट आणलं. आत्याने ते नाकारलं कारण त्याला खोली नाही, आंबोळीला आत वाफ फिरायला जागा लागते. शेवटी नारळाची चटणी ज्यात होती ते स्टीलचं भांडं रिकामं करून, धुऊन, पुसून उपडं घातलं. आणि आम्ही सगळे त्या उपड्या भांड्याकडे बघत उभे. गल्ल्यावरचे अण्णासुद्धा. बाहेर एक गिऱ्हाईक बिल घ्या म्हणून हाका मारत होतं.

तिने उचललं भांडं आणि जाळी पडली होती. तशीच, कुडाळसारखी. त्या माणसाने ती उलथन्याने काढली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर घेतली, तिथेच उभ्याने चटणी लावून खाल्ली आणि म्हणाला, "मेरा घर में मां ऐसा बनाता है. इधर नहीं चलता, इधर सबको कडक मंगता." आत्याने त्याला विचारलं गाव कुठचं, आई आहे का, लग्न झालं का. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. आणि मग ती परत टेबलावर येऊन बसली आणि वेटरला म्हणाली, एक डोसो हाड माका पण. पूर्ण खाल्ला, एकटीने, कुणाला तुकडा दिला नाही.

घरी जाताना ट्रेनमध्ये बराच वेळ गप्प होती. कुर्ल्याला म्हणाली, तो तवो काय घराक हाडूक येवचो नाय. बस. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा मुंबईला आली तेव्हा माटुंगा ठरलेलं, आणि आंबोळी कुडाळला, डोसा माटुंग्याला अशी तिच्या डोक्यात वाटणी पक्की झाली. माझा नियम खरं तर तिचाच आहे.

आणि म्हणूनच, मंडळी, मला डोसा डब्यात भरून घरी मागवणं अजिबात पटत नाही. मागवा बाकी काय हवं ते. पण डोसा डब्यात कोंडला की पाच मिनिटांत त्याच्याच वाफेने तो ओला होतो, आणि मग लोक म्हणतात काही खास नव्हतं. तव्यापासून टेबलापर्यंत, एवढंच त्याचं आयुष्य. फोटो काढत बसणाऱ्यांनाही तेच सांगते. आधी खा.

आता बाकीची नावं भराभर घेते, वेळ बघते आहे मी घड्याळात.

मिसळ. ठाण्याची मामलेदार, मामलेदार कचेरीच्या बाजूला म्हणून ते नाव. दादरला आस्वाद, त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनमधल्या फूडीहबच्या स्पर्धेत जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं. उसळ घरी होते, फरसाण वाण्याकडे मिळतं, पण कट घरी तसा होत नाही, हे माझं पक्कं मत. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तेलावर मसाला तब्येतीने परतावा लागतो आणि तर्री वर यायला मोठ्या पातेल्यात तासन्‌तास मंद उकळ लागते. आपण चार माणसांपुरता करतो, तेल कमी घालतो, डॉक्टरांची आठवण काढतो, अर्ध्या तासात गॅस बंद. तसा कट होणार कुठून? आणि तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, पाण्याने जळजळ नुसती पसरते. ताक घ्या. परत सांगते, पाणी नाही, ताक.

बेरी पुलाव. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ सालचं इराणी हॉटेल. पुलावावर ज्या लालचुटुक आंबट बेरी असतात त्या इराणच्या, आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत, त्यामुळे तोही माझ्या नियमात बसतो. तिथले बोमन कोहिनूर, नव्वदी उलटली तरी टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी बोलायचे, २०१९ मध्ये ते गेले. मालकाने टेबलापाशी येऊन विचारावं की कसं झालंय, ही पद्धत सगळीकडे परत यायला हवी. हल्ली फोनवर मेसेज येतो, आम्हाला पाच स्टार द्या. अहो, समोर या ना, सांगते तोंडावर.

बन मस्का आणि मावा केक. धोबीतलावचं कयानी, १९०४ पासूनचं. बन काय, मस्का काय, घरी दोन्ही आणता येतं. पण ताजा बन, वर सढळ हाताने लावलेला मस्का, आणि तो इराणी चहात बुडवताना वर तरंगणारे लोण्याचे थेंब, ते तिथल्या टेबलावरच जमतं. कागदी कपातल्या चहाला तर मी चहा म्हणतच नाही.

पियुष. दादरचं प्रकाश. श्रीखंड आणि ताक घालून घरी करतात लोक, मीही करते, आणि खरं सांगायचं तर बरं होतं. तरी मी प्रकाशकडे जाते. तो माझ्या नियमाला अपवाद समजा.

एक दोन गोष्टी जायच्या आधी लक्षात ठेवा. ब्रिटानिया मुख्यतः दुपारच्या जेवणाचं ठिकाण, संध्याकाळी जायचं तर वेळ विचारूनच जा. माटुंग्याला रविवारी सकाळी जाल तर बाहेर नाव लिहून उभं राहावं लागेल, त्यापेक्षा मधल्या वारी चारच्या सुमाराला जा, तवा तापलेला असतो आणि तव्यावरच्या माणसाला दोन शब्द बोलायला फुरसत असते. आणि पहिल्यांदा जाल तेव्हा साधा डोसाच मागवा. चीज नको, पनीर नको, शेजवान तर नकोच नको. साधा खाऊन बघा, नुसता, चटणीला न लावता. नमस्कार.