लाइट गेल्यावर तुमचं सोलर काय करतं?

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्याकडची तार तुटली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेलं तापत होती आणि खाली आई पदराने वारा घेत बसली होती. "अरे, आपलं सोलर आहे ना? मग पंखा का बंद?" तिने विचारलं. हा प्रश्न मी पैसे भरण्याआधीच विचारायला हवा होता.

आमची यंत्रणा होती ऑन-ग्रिड. तिच्यात बॅटरी नसते. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, नेट मीटर ती मोजतो आणि बिलात तेवढी युनिटं वजा होतात. पण लाइन गेली की पॅनेलांची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारा हिचा इन्व्हर्टर आपण होऊन थांबतो. आपल्या छतावरची वीज तारेत उलटी शिरून खांबावरच्या वायरमनचा जीव जाऊ नये, म्हणून ही सोय असते. त्यात बिघाड काहीच नाही.

शहरात, जिथे लाइट क्वचितच जाते, तिथे मी आजही ऑन-ग्रिडच घ्या म्हणेन. ती सर्वांत स्वस्त पडते. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, पावसाळ्यात बरंच कमी. शिवाय २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं अनुदान आहे. तीन किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला मिळून ७८,०००. बॅटरीसाठी मात्र त्यातून काही मिळत नाही.

तारेशी संबंध न ठेवणारी ऑफ-ग्रिड यंत्रणा जिथे खांबच पोचला नाही अशा पाड्यावर किंवा मळ्यातल्या घरात शोभते. तिची रात्रीची सगळी भिस्त बॅटरीवर, त्यामुळे चार दिवस झड लागली की तिची खरी परीक्षा होते.

आणि ज्यांच्या गावात लाइट रोजच जाते, त्यांनी हायब्रिडचा, म्हणजे तारेलाही जोडलेल्या आणि बॅटरीही असलेल्या यंत्रणेचा विचार करावा. पण बॅटरी ठरवण्याआधी एक आठवडा वहीत लिहा: लाइट किती वाजता गेली, किती वेळ गेली, त्या वेळात काय चालायलाच हवं होतं. दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय मिळून साधारण २०० वॉट होतात. पाच तासांना एक युनिट. दीडशे एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) एक ट्यूब्युलर, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरला असते तशी पाण्याची बॅटरी जेमतेम तेवढं देते. तिला वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं आणि चार-पाच वर्षांत ती बदलावी लागते. लिथियम महाग, पण जास्त वर्षं टिकते आणि पाण्याची कटकट नाही. गीझर आणि एसी मात्र बॅटरीवर टाकूच नका.

आम्ही आता हायब्रिड इन्व्हर्टर बसवला आहे. वायरिंग करताना बॅटरीची लाइन वेगळी काढून घेतली. तिच्यावर पहिला जोडला तो आईच्या खोलीतला पंखा.