सौद्यामागचा अभ्यास

लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनचा सौदा सुरू आहे. खरेदीदार मूठभर दाणे हातात घेतो, हवा म्हणजे दाण्यातला ओलावा बघतो, डागी माल किती ते बघतो आणि भाव बोलतो. त्या एका बोलीत अर्जेंटिना-ब्राझीलचं पीक असतं, शिकागोचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचा आजच ठरणारा भाव असतो, दिल्लीत ठरलेलं आयात शुल्कही असतं.

हे सगळं एकत्र मांडून पुढचा अंदाज बांधणं, हे शेतमालाच्या रिसर्च अॅनालिस्टचं काम. शेअर बाजारातले अॅनालिस्ट टीव्हीवर रोज दिसतात. शेतमालाचा अभ्यास करणारा मात्र आपल्याकडच्या पोरापोरींना फारसा माहीत नसतो.

या कामाची खरी गोडी उलगडा होण्यात आहे. शंभर किलो सोयाबीन गाळलं, तर तेल निघतं साधारण अठरा किलो. बाकी बहुतेक पेंड, आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे भाव तेलाइतकाच, किंबहुना जास्त, कोंबड्यांच्या खाद्यावर अवलंबून. त्यात मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा स्वस्त खाद्य म्हणून बाजारात आला आणि पेंडेची मागणी घटली. इथेनॉलच्या धोरणाचा परिणाम लातूरजवळच्या औशाच्या शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीवर असा उमटतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या, शेंगा भरताना पाहिलेल्या मुलांची इथे मोठी जमेची बाजू आहे. नुसते आकडे शिकलेल्याला हे पिकाचं गणित कळायला वेळ लागतो.

आणि तरीही अंदाज चुकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं उपकरांसह एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. सोयाबीन वधारेल, असं वाटणं साहजिक होतं. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये; बाजार त्या हंगामात त्याच्या खालीच राहिला. तेलाला आधार मिळाला, पेंडेला मिळाला नाही. शिवाय २० डिसेंबर २०२१ पासून सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायद्यांवर बंदी आली; त्यामुळे त्या हंगामात पुढच्या महिन्यांच्या भावाचा देशातला इशाराच हाताशी नव्हता.

चुकलेल्या अंदाजाची किंमत अॅनालिस्ट एकटा मोजत नाही. 'दिवाळीनंतर भाव वाढेल' हे वाचून कुणीतरी माल घरात ठेवतो, उधारीचं व्याज चढत जातं. या नोकरीचं सगळ्यात जड ओझं हेच. लांबलेले तास, स्क्रीनसमोर थकणारे डोळे, हंगामात न मिळणारी सुट्टी, हे त्यापुढे काहीच नाही.

दुसरी खंत, बहुतेक अहवाल इंग्रजीत निघतात आणि पोचतात प्रक्रिया उद्योगांकडे, ब्रोकरांकडे. शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो तो कुणीतरी पुढे ढकललेला एक ओळीचा अंदाज, कारणांशिवाय. कारण कळलं, तर माणूस स्वतः ठरवू शकतो.

शेअर किंवा वायद्यांबाबत शिफारशी द्यायच्या, तर सेबी या बाजार नियामकाच्या २०१४ च्या नियमांनुसार नोंदणी लागते, सेबीनेच स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. अहवालाच्या आधी तीस आणि नंतर पाच दिवस त्या शेअरमध्ये स्वतः व्यवहार करता येत नाही. झटपट पैसा शोधणाऱ्याला हे जाचक वाटेल. विश्वास मात्र अशा बंधनांवरच टिकतो.

नोकऱ्या आजही मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. खरं तर सोयाबीन आणि तूर लातूरला, हळद हिंगोली-वसमतला. अभ्यासाचा माल इथेच आहे. गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना असा माणूस हवाही आहे. त्याला पुणे-मुंबईच्या तोडीचा पगार देणं मात्र त्यातल्या छोट्या कंपन्यांना अजून झेपत नाही.