पाण्यात उतरण्याआधी फुंकर

नमस्कार श्रोतेहो.

मुलाचं नाव पोहण्याच्या वर्गात घातलं की घरात आधी गॉगल, टोपी आणि पोशाखाची बोलणी सुरू होतात. त्यांच्याकडे वळूच, पण जरा नंतर. कारण पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलं अडतात ती श्वासापाशी. हातपाय मारणं त्यानंतरचं. आणि श्वासाची तयारी घरी, एका पसरट परातीतल्या पाण्यात होऊ शकते.

आपण मुलाला सहज सांगतो, ‘श्वास रोखून धर आणि डोकं पाण्यात घाल.’ मूल गाल फुगवतं, डोळे घट्ट मिटतं, डोकं बुडवतं. वर आल्यावर त्याला एका क्षणात दोन कामं करावी लागतात. कोंडलेली हवा सोडायची आणि नवी घ्यायची. या घाईत ओठांवरून ओघळणारं पाणी आत ओढलं जातं, ठसका लागतो आणि भीती बसते. पोहताना तोंड पाण्यात असेल तेव्हा श्वास सोडत राहायचं असतं. तोंड बाहेर आलं की फक्त घ्यायचं.

म्हणून सुरुवात फुंकरीनं करा. परातीत चार बोटं पाणी घ्या, त्यावर टेबल टेनिसचा चेंडू सोडा आणि फुंकर घालून तो पलीकडच्या काठाला न्यायला सांगा. जोरात फुंकलं तर चेंडू भरकटतो. लांब, सावकाश फुंकर लागते, आणि आपल्याला तीच हवी आहे. दोन-तीन दिवसांनी ओठ पाण्यात टेकवून बुडबुडे काढू द्या.

मग नाकाची पाळी. तोंड मिटून ‘म्म्म’ असा हुंकार काढला की हवा नाकातून बाहेर पडते, आणि ती बाहेर पडत असेपर्यंत पाणी आत शिरत नाही. हुंकार नाक पाण्याला लागण्याआधी सुरू करायचा आणि नाक पूर्ण बाहेर आल्यावरच थांबवायचा. मुलं चुकतात ती नेमकी इथे. आवाज मध्येच थांबतो, नाकात पाणी जातं आणि झणझणतं. असं झालं तर रागावू नका, पुन्हा बुडबुड्यांवर या.

हे जमलं की पूर्ण चेहरा आधी ३ सेकंद, मग ५ सेकंद. शेवटी एका लयीत १० वेळा तोंडानं श्वास घ्यायचा आणि पाण्यात सोडायचा. दरवेळी वर आल्यावर हातांनी तोंड पुसायची सवय मात्र लागू देऊ नका. तलावात हात काठाला किंवा फळीला धरलेले असतात. तोंड पुसायला हात सोडला की मूल गटांगळी खातं. पाणी आपोआप ओघळू द्यायचं, डोळ्यांची उघडझाप करायची.

दोन गोष्टींची सक्त ताकीद. कोण जास्त वेळ श्वास रोखतं अशी पैज कधीही लावू नका. भराभर खोल श्वास घेऊन मग रोखला तर पाण्यातच शुद्ध हरपू शकते. आणि सराव संपला की परात, बादली लगेच रिकामी करा. लहान मूल काही बोटं पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे सराव चालू असताना तिथून हलायचं नाही.

अंघोळीच्या वेळी डोक्यावरून पाणी घेण्याचीही सवय करा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून झाल्यावरच पाणी ओता. आधी मागच्या बाजूनं, काही दिवसांनी समोरून. गंमत म्हणून मागून अचानक पाणी ओतलं तर आठवडाभराची मेहनत वाया जाते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही ही म्हण काही मोठी माणसं शब्दशः घेतात आणि मुलाला सरळ ढकलून देतात. त्यातून मूल पाण्याला घाबरायला आणि ढकलणाऱ्यावर विश्वास न ठेवायला शिकतं.

आता सामान. गॉगल घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर हलका दाबून बघा. क्षण-दोन क्षण तो चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी झिरपलं की पालक पट्टा आणखी आवळतात, पण बरेचदा कारण असतं कडेखाली अडकलेले केस किंवा चुकीचं माप. काचा आतून बोटानं पुसू नका, वाफ न धरण्याचा लेप निघून जातो. पोशाख अंगाबरोबर बसणारा असावा. सुती कपडे पाणी पिऊन जड होतात. रंग भडक केशरी, पोपटी किंवा गडद गुलाबी निवडा. निळा किंवा पांढरा पोशाख पाण्याखाली चटकन दिसत नाही. दंडावरचे हवेचे फुगे शिकण्यासाठी नकोत. ते मुलाला उभं ठेवतात, आणि पोहायचं असतं आडवं. शिवाय फुगे नसतानाही आपण तरंगू असं त्याला वाटू लागतं, तो धोका वेगळाच.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं शरीरातली उष्णता ओढून घेतं, आणि लहान मुलं लवकर गारठतात. नवशिक्या लहानग्यांना साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअसचं पाणी आणि अर्ध्या तासाचा वर्ग पुरे. ओठ निळसर झाले किंवा कुडकुडायला लागलं तर वर्ग तिथेच संपवा.

जुलाब होत असतील तर तलाव बंद. काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतात. उतरण्याआधी लघवी आणि साधी अंघोळ होऊ द्या. तलावाचा डोळे चुरचुरवणारा उग्र वास येतो तो घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्यामुळे. तो वास स्वच्छतेची खूण मानू नका. दमा, फिट्स, कानात बसवलेली नळी असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकांना सांगा. दम्याचा पंप काठावरच, हाताशी असावा.

वर्ग निवडताना विचारा की शिकवणाऱ्यांखेरीज पाण्यावर लक्ष ठेवणारा वेगळा जीवरक्षक आहे का, आणि एका प्रशिक्षकाकडे किती मुलं. नवशिक्यांची चार-पाच असतील तर ठीक. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. त्यामुळे वर्गाबाहेर पाण्यात असाल तेव्हा ते हाताच्या अंतरावरच हवं, मोबाइल पिशवीत.

वर्ग सुटल्यावर साध्या पाण्यानं अंग धुवा, डोकं एकेका बाजूला कलवून कानातलं पाणी निथळू द्या आणि टॉवेलच्या टोकानं बाहेरून टिपा. कानात काडी घालू नका. घरी येताना ‘पोहायला आलं का?’ असं विचारण्यापेक्षा ‘आज किती बुडबुडे काढलेस?’ असं विचारा. या प्रश्नाला पहिल्या दिवशीसुद्धा काहीतरी उत्तर असतं.