रॉडचा रस्ता आणि मटकीची वाटी

नमस्कार श्रोतेहो.

लासलगावच्या बाजार समितीत कधी गेलात, तर कांद्याची गोणी वाहणाऱ्या हमालाकडे दोन मिनिटं बघत उभे राहा. गोणी अंगापासून लांब धरून तो कधीच उचलत नाही. गुडघ्यात जरा वाकतो, पाठ देतो, दोघं जण गोणी चढवतात, आणि ती पाठीला नीट टेकल्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. दिवसभर तेच काम करायचं, तर कंबर सांभाळणं भागच असतं. तिच्यावर घर चालतं.

तेवढंच वजन आपल्या नाशिकच्या सिडकोत नाहीतर कॉलेज रोडला एखाद्या जिममध्ये विशीतला मुलगा जमिनीवरून उचलतो, तेव्हा काय दिसतं? रॉड नडगीपासून वीतभर पुढे, पाठ कुबडासारखी, मान मात्र वर, कारण आरशात बघायचंय. शेजारी मित्र ओरडतोय, "मार, अजून दोन मार!" मी जिममध्ये शिकवतो, त्यामुळे हे दृश्य माझ्या रोजच्या ओळखीचं आहे. आज बोलायचंय ते याबद्दल, आणि जिममधून बाहेर पडल्यावर पोटात काय जातं, त्याबद्दल.

आधी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहणं, कारण पाठ दुखते म्हणून सर्वांत जास्त बदनाम झालेला व्यायाम हाच. त्याचं सगळं गणित एका गोष्टीवर आहे: रॉड शरीराच्या किती जवळ राहतो. तोच साठ किलोचा रॉड चार बोटं पुढे गेला, तरी कमरेच्या मणक्यांवरचा ताण वाढतो. वजन तेवढंच असतं, पण तरफेचा दांडा लांबतो. शाळेत तरफ शिकलो होतो, तेच हे.

म्हणून रॉडपाशी उभं राहताना खाली बघा. रॉड बुटाच्या लेसच्या गाठीवर दिसला पाहिजे, म्हणजे पावलाच्या मध्यावर. नडगी आणि रॉड यांत दोन बोटांचं अंतर. आता बसायचं नाही, नितंब मागे ढकलत वाकायचं. रॉड पकडा, मग गुडघे एवढेच पुढे येऊ द्या की नडगी रॉडला टेकेल. छाती वर, काखा आवळलेल्या. काखा आवळणं हे बहुतेक जण विसरतात आणि तिथेच रॉड पुढे निसटतो. पोटात श्वास भरा, पोट चारही बाजूंनी घट्ट करा, आणि रॉड वर ओढण्याऐवजी पायांनी जमीन खाली ढकला. रॉड नडगीला आणि मांडीला घासत वर येईल. वर आल्यावर नुसतं सरळ उभं राहायचं. मागे झुकून कंबर मोडायची काही गरज नाही. आणि खाली ठेवतानाही तोच रस्ता, आधी नितंब मागे. उचलताना सगळं व्यवस्थित करून ठेवताना धाडकन वाकणारे मी खूप बघितलेत.

एक बारीक गोष्ट, जी आपल्याकडे कुणी सांगत नाही. स्पर्धेत रॉडच्या टोकाला अडकवतात त्या वजनाच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो. म्हणजे रॉडचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. नवशिक्याला आपण पाच-पाच किलोच्या छोट्या प्लेट लावून देतो. त्यांचा घेर लहान, त्यामुळे रॉड घोट्यापाशी जातो, आणि तिथवर पोचायला बिचाऱ्याची पाठ वाकणारच. वजन हलकं आणि काम मात्र अवघड, असा उलटा प्रकार. यावर उपाय साधा आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली लाकडी ठोकळा किंवा आडव्या प्लेटची चवड ठेवा आणि रॉड नडगीच्या मध्याच्या खालोखाल येईल असं बघा.

रॉडचं वजनही एकदा खरंच करून घ्या. पुरुषांच्या ऑलिम्पिक रॉडचं वजन २० किलो, महिलांच्या रॉडचं १५ किलो. पण गल्लीतल्या जिममधला रॉड तेवढाच असेल असं नाही. वजनकाट्यावर ठेवला की कळतं. नाहीतर एका जिममध्ये साठ उचलणारा दुसऱ्या जिममध्ये गेला की गोंधळतो.

श्वास धरण्याचं सांगितलं, त्याला एक पुरवणी. पोट घट्ट करून श्वास धरला की मणक्याला आतून आधार मिळतो, पण रक्तदाब तेवढ्यापुरता बराच चढतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, हर्निया आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. वजन हलकं ठेवावं आणि उचलताना श्वास सोडावा.

स्क्वॉटबद्दल, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठक मारण्याबद्दल, थोडक्यात. गुडघा पायाच्या अंगठ्यापुढे गेला की गुडघा गेला, ही भीती मनातून काढा. उंच माणसाचा गुडघा पुढे जाणारच. बघायचं एवढंच की गुडघे पावलांच्या दिशेला उघडताहेत आणि उठताना आत कोसळत नाहीत. टाच उचलली जात असेल तर घोटा ताठ आहे. आपल्या आज्या चुलीपुढे उकिडव्या बसून भाकऱ्या थापायच्या, त्यांना ही अडचण नव्हती. आपल्याला आहे, कारण आपण जन्मभर खुर्चीवर. रोज दोन-तीन मिनिटं खांब धरून उकिडवं बसा, घोटा सैल होत जातो. आणि पळायचे जाड गादीवाले बूट स्क्वॉटला घालू नका. वजन घेतलं की ते दबतात आणि तोल जातो. सपाट तळाचा साधा कॅनव्हासचा बूट त्याहून बरा.

बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून रॉड वर ढकलण्याला, मात्र जिवाचा धोका आहे, म्हणून जरा थांबतो. रॉडभोवती अंगठा गुंडाळलाच पाहिजे. अंगठा बाहेर ठेवून रॉड नुसता तळव्यावर टेकवणारे आहेत. रॉड निसटला तर खाली छाती आणि गळा आहे. कोपरं खांद्याच्या रेषेत पूर्ण बाहेर काढू नका, थोडी आत घ्या, खांदे वाचतील. पाठीची पाती एकमेकांकडे आवळा, पाय जमिनीवर रोवा. कुणी सपोर्टला नसेल तर रॉडला क्लिप लावू नका. अडकलात तर रॉड एका बाजूला कलवून प्लेट पाडता आल्या पाहिजेत. आवाज होईल, मालक ओरडेल, ओरडू दे.

आता किती वजन? यात सगळा मान-अपमान दडलेला असतो. माझं उत्तर साधं आहे: सलग उचलण्याचा एक सेट संपला तेव्हा अजून दोन रेप्स, म्हणजे अजून दोनदा उचलणं, नीट जमलं असतं, एवढं. पुढच्या आठवड्यात जमलं तर अडीच किलो वाढवा. जमलं नाही तर तिथेच थांबा, काही बिघडत नाही.

सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आठवतो ना? २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये, म्हणजे एका झटक्यात डोक्यावर, ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर, १३५ किलो उचलले. पुढे १३९ उचलताना कोपर दुखावलं, आणि सुवर्णपदक एका किलोने हुकलं. वर्षानुवर्षं घोटून घेतलेला खेळाडू तो. शरीराच्या अगदी टोकाला गेलं की त्याचंही कोपर दगा देतं. पण तो तिथे गेला ते देशाच्या पदकासाठी. आपण सोमवारी सकाळी सातला, ऑफिस गाठायच्या आधी, कशासाठी त्या टोकाला जायचं?

आणि मुलींनी वजन उचललं की अंग पुरुषी होतं, हे अजूनही आया मला विचारतात. आपल्या जिल्ह्यातल्या मनमाडच्या व्यायामशाळांमधून मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोचल्यात, जाऊन बघा. मीराबाई चानू टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो वजनी गटात खेळली आणि डोक्यावर ११५ किलो घेऊन उभी राहिली. ताकद आणि आकारमान हे दोन वेगळे विषय आहेत. उलट चाळिशीनंतर बायकांची हाडं ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा वजनाचा व्यायाम औषधासारखा लागू पडतो.

थंडीतलं एक सांगतो. निफाडचा पारा खाली उतरल्याची बातमी येते, त्या दिवसांत जिममधलं लोखंडही हाताला चावतं. तेव्हा दहा मिनिटं अंग गरम करा. दोरीच्या उड्या मारा, बैठका काढा, मग रिकाम्या रॉडने दोन सेट. दुसऱ्या दिवशी अंग आंबणं ठीक, दोन-तीन दिवसांत ओसरतं. पण सांध्यात टोचणारी कळ, पायात उतरणाऱ्या मुंग्या, किंवा जोरदार व्यायामानंतर लघवी कोकाकोलाच्या रंगाची होणं, यांपैकी काहीही दिसलं तर जिम नाही, थेट डॉक्टर.

चला, आता नाश्ता.

नाशिककर व्यायाम करून मिसळीच्या हॉटेलात जातो, यावर बाहेरचे लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मिसळीत मटकी आहे, आणि कोरड्या मटकीत शंभर ग्रॅमला साधारण २३ ग्रॅम प्रोटीन असतं. बिघडतं ते प्रमाण. हॉटेलच्या प्लेटमध्ये तळाशी चार-पाच चमचे मटकी, तिच्यावर मूठभर शेव-फरसाण, वर तेलाचा तवंग आणि मग पावांवर पाव. म्हणजे पोट भरतं ते मैद्याने आणि तेलाने. तिथेच बसून सांगा, "दादा, मटकी डबल, फरसाण कमी, रस्सा वेगळा, आणि दही द्या." माझ्या ओळखीच्या हॉटेलवाल्यांना आता याची सवय झाली आहे.

किती प्रोटीन हवं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने साध्या माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. नियमित वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरायला हरकत नाही. त्यातले पंचवीसेक ग्रॅम सकाळीच गेले की दिवस सोपा होतो. आपल्या घरांत रात्रीच्या जेवणावर सगळा भार असतो आणि सकाळी चहा-खारी.

पोह्यांनी हे होत नाही. एका प्लेटमध्ये चार-पाच ग्रॅम प्रोटीन असतं, तेही दाणे भरपूर घातले तर जरा वाढतं. पोहे सोडा असं मी म्हणणार नाही, नाशकात राहून तसं म्हणवतही नाही. पोह्यांत तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, परतून घाला. तेवढ्यानेच पंधरा ग्रॅम आले. घरी मिसळ करायची तर माणशी साठ ग्रॅम कोरडी मटकी धरा, तिचे चौदा ग्रॅम होतात. सोबत वाटीभर दही आणि एक उकडलेलं अंडं, की पंचवीस झाले. अंडं चालत नसेल तर मूठभर फुटाणे.

मोड आणले की प्रोटीन दुप्पट होतं असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. मोडांत पाणी शिरतं, वजन वाढतं, त्यामुळे वाटीमागे प्रोटीन उलट कमी भरतं. मोड आणायचे ते पचायला हलकं व्हावं म्हणून आणि क जीवनसत्त्वासाठी. कारण वेगळं आहे, पण मोड आणाच.

बेसनाचं धिरडं ही दुसरी सोय. साठ ग्रॅम बेसनात बारा-तेरा ग्रॅम, त्यात पन्नास ग्रॅम पनीर किसून घातलं की नऊ ग्रॅम आणखी. कोथिंबीर, ओवा, हिरवी मिरची, तव्यावर एक चमचा तेल. अंबड-सातपूरला पहिल्या पाळीला जाणाऱ्यांनी हेच गुंडाळून डब्यात न्यावं, गार झालं तरी खाता येतं. अंडी खाणाऱ्यांनी तीन अंड्यांची भुर्जी आणि बाजरीची एक भाकरी, हिशेब तिथेच संपला. थंडीत रात्रीचे हुलग्याचे शेंगोळे उरले असतील, तर सकाळी गरम करून खा आणि वर दूध प्या. हुलग्यात मटकीइतकंच प्रोटीन असतं, आणि आपण त्याला गरिबाचं धान्य म्हणून मागे टाकलं. डाळी-कडधान्यांच्या प्रोटीनमध्ये जे कमी असतं ते ज्वारी-बाजरीत असतं आणि तिच्यात जे कमी ते डाळीत, म्हणून भाकरी-उसळ एकत्र खाण्यात अर्थ आहे.

पावडरीबद्दल विचारतात. व्हे म्हणजे दुधातूनच काढलेलं प्रोटीन, त्यात जादू नाही आणि विषही नाही. जेवणातून भागत नसेल तरच घ्या, सुट्या डब्यातली स्वस्त घेऊ नका, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर व्हेच काय, वरचं सगळं गणितही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका.

राहिला उपासाचा प्रश्न, कारण श्रावणात मला रोज हाच विचारला जातो. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. तेव्हा साबुदाणा निम्मा करा, कूट वाढवा, सोबत मोठी वाटी दही घ्या. राजगिऱ्याचं पीठ चालत असेल तर त्याचं थालीपीठ आणि पनीर. आणि निर्जळी उपास असेल, तर त्या दिवशी रॉडला हात लावू नका. गोदाकाठी चालून या.

नमस्कार.